‘पेंडिंग’चा हिशोब द्या

मृगाचा पाऊस पडून वापसा आला की आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कृषी केंद्रांवर झुंबड उडते. सरकीची पिशवी घेताना एखाद्याच्या खात्यातून पैसे वजा होतात, दुकानदाराला पोचत नाहीत, आणि पडद्यावर येतं ‘पेंडिंग’. सगळे ‘सर्व्हर डाऊन’ म्हणून मोकळे होतात. मला हे उत्तर मान्य नाही.

यूपीआय म्हणजे बँकांमधली निरोपांची ये-जा. एका बँकेने पैसे वजा केले, दुसरीला ‘जमा कर’ असा निरोप गेला, आणि तिचं उत्तर वाटेत हरवलं. जमा झाले की नाही? पहिल्या बँकेला कळायला मार्ग नाही. लहान सहकारी बँक असेल तर मध्ये अनेकदा प्रायोजक बँकही असते, म्हणजे निरोपाला आणखी एक हात. निरोप हरवणारच. पण तो हरवो, उशिरा येवो की दोनदा येवो, शेवटी पैसे एकतर पोचतील नाहीतर परत येतील, तिसरं काही घडणार नाही, हे यंत्रणेच्या आराखड्यावर आधीच तपासता येतं. नेहमीच्या चाचणीत निरोपांचे थोडेच क्रम सापडतात. पडताळणीचं साधन आराखड्याच्या मर्यादेत शक्य तेवढे सगळे क्रम धुंडाळतं. ॲमेझॉनने लेस्ली लॅम्पोर्ट यांची टीएलए प्लस ही भाषा वापरून डायनॅमोडीबीतली एक चूक अशीच पकडली. ती दिसायला किमान 35 पायऱ्या एका विशिष्ट क्रमाने घडाव्या लागत. चाचण्यांतून ती निसटली होती.

आपल्याकडे काय आहे? रिझर्व्ह बँकेचं सप्टेंबर 2019 चं परिपत्रक. दुकानदाराला पोचल्याची खात्री न झालेले पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत परत, त्यापुढे दिवसाला 100 रुपये भरपाई. भरपाई हवीच. पण पाच दिवसांत वापसा उडून जातो, आणि 2024 मध्ये 864 रुपयांची पिशवी दुसऱ्यांदा घ्यायला हातात रोकड असतेच असं नाही. टोबणी पुढे ढकलल्याचं नुकसान कोणत्या परिपत्रकात धरलंय?

पडताळणी आत होतही असेल. मग दाखवा! 2020 मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांना यूपीआयची रचना ॲप उलगडून शोधावी लागली, कारण तपशील खुला नव्हता. गुप्ततेने सुरक्षा वाढते म्हणावं, तर त्यांना त्रुटी सापडल्याच. माणसांचीही वाण नाही. पुण्यातलं टाटांचं 1981 सालचं संशोधन केंद्र प्रोग्रॅमच्या पडताळणीवरही काम करतं. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने निरोपांचा आराखडा आणि त्याची पडताळणी, दोन्ही लोकांपुढे ठेवावं. पुढच्या मृगाच्या आत.