पेटींतील नकाशा

अद्भुत कथेंतील वीर होऊन संगणकावर खेळावयाच्या खेळांच्या ‘कलेक्टर्स एडिशन’साठीं तरुण मंडळी हजारों रुपये मोजतात, वडीलधारीं कपाळास हात लावतात. आमचें मत किंचित् निराळें आहे.

इ. स. १९८५ मध्यें रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४’ निघाला. त्याच्या साध्या पेटींतच कापडी नकाशा, धातूचें ‘आंख’ हें मिसरी जीवनचिन्ह आणि दोन पुस्तकें होतीं. नकाशावरील अक्षरें रूनलिपींतील. बहुतेक मंत्रांस कोणतीं द्रव्यें लागतात, तें पुस्तक उघडल्यावांचून कळावयाचें नाहीं. अर्थात् त्या वस्तु खेळाचेंच अंग होत्या. (नकाशाची लिपि लावीत बसलेला मुलगा आम्हांस तरी वायां गेलेला वाटत नाहीं.)

२०१५ च्या ‘विचर ३’च्या संग्राहक आवृत्तींत ग्रिफिनाशीं झुंजणाऱ्या गेराल्टची मूर्ति आली. मूर्ति देखणी खरी. पण तिच्यावांचून खेळाचें कांहीं अडत नाहीं. पुढें २०२४ मध्यें ‘ड्रॅगन एज : द व्हेलगार्ड’ची सुमारें १५० डॉलरांची पेटी निघाली. तींत प्रकाशणारा खंजीर होता, खेळ मात्र नव्हता! तो निराळा विकत घ्यावयाचा.

पेटीसाठीं हट्ट धरणाऱ्या नातवास आम्ही एवढेंच विचारतों : बाळ, यांतली कोणती वस्तु खेळतांना तुला उघडून पाहावी लागेल?