ताटातला जमाखर्च



दिवसभर कचेरीत आकडे मांडायचे आणि संध्याकाळी वस्तीत फिरायचे, असा आमचा शिरस्ता आहे. त्यामुळे कोणाच्या घरी जेवणाच्या वेळी गेलो की ताटाचाही हिशेब आम्ही मनात मांडू लागतो. बहुतेक घरी तो सारखाच निघतो. भात-चपाती भरपूर, डाळ पातळ, भाजी तोंडी लावण्यापुरती, फळ नाहीच. पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराविषयी १७ सूचना प्रसिद्ध केल्या. त्यांतील मुख्य गोष्ट अशी की, ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा. उरलेल्या निम्म्यात धान्य, डाळ-कडधान्ये, अंडी-मासळी-मटण, दूध, शेंगदाणे हे सारे यावे. आपल्या घरी मात्र निम्म्याहून जास्त ताट धान्यानेच व्यापलेले असते. अन्नसुरक्षा यादीतील कुटुंबांना २०२३ पासून रेशनवर माणशी ५ किलो धान्य मोफत मिळते, हे चांगलेच आहे. पण त्यामुळे वाचलेला पैसा डाळ-भाजीकडे वळतो की दहा-दहा रुपयांच्या वेफरच्या पुड्यांकडे, हे प्रत्येक घराने एकदा वहीत लिहून पाहावे. त्याच दहा रुपयांत पोराला एक अंडे उकडून देता येते.

महिला मंडळात हे बोललो तेव्हा एका मावशींनी आम्हाला ठणकावले, "आधी डाळीचा भाव बघा, मग बोला!" त्यांचे खोटे नाही. उपदेश करायला पैसे पडत नाहीत. पण तुरीऐवजी मसूर किंवा चणे आणले तर बहुधा स्वस्त पडते, आणि हंगामातली पालेभाजी संध्याकाळी बाजार उठताना कमी भावात मिळते. मटकीला मोड आणले तर तिच्यातले क जीवनसत्त्वही वाढते.

आमचे खरे दुखणे मात्र भावापेक्षा वाढण्याच्या पद्धतीविषयी आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होते. म्हणजे खाते सुधारायच्या ऐवजी तुटीत गेले. मोठ्या माणसाला दिवसाला लोह किती लागते? पुरुषाला १९ मिलिग्रॅम, स्त्रीला २९. दर महिन्याला तिच्या अंगातून रक्त जाते, म्हणून तिची गरज दीडपट. आणि ताटावर बसते ती सर्वांच्या शेवटी! धन्याला, पोरांना, पाहुण्याला वाढून उरेल ते तिचे. बहुतेक वेळा उरते ते भाकरी आणि ठेचा. घरातल्या पुरुषांनी आणि सासूबाईंनी मनावर घेतले तर एका पैशाचाही खर्च न करता हे बदलते. सर्वांनी एकत्र बसावे. ते जमत नसेल तर आईचा आणि वयात आलेल्या मुलीचा वाटा आधी बाजूला काढून झाकून ठेवावा.

लोह कशात आहे, तर बाजरी, चणे, माठ-तांदुळजा, अळीव, कलेजी, सुकट यांत. हे आपल्या आजी-पणजीचे खाणे. शहरात आल्यावर सुकटाचा वास शेजाऱ्यांना जाईल म्हणून आपण ते लपवू लागलो, याचे आम्हाला फार वाईट वाटते. खारवलेली मासळी मात्र नीट धुऊन घ्यावी, कारण माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, एवढेच मीठ पुरे. भाजीवर लिंबू पिळले तर लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा घेतला तर तेच लोह वाया जाते, म्हणून आधी-नंतर एक तास चहा नको.

चालताना धाप लागते, डोळ्यांच्या आतली कड फिकी दिसते, अशा भगिनींनी सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावे. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल (गरोदरपणी ११ च्या), तर नुसत्या भाजीपाल्यावर विसंबू नये. डॉक्टर देतील त्या लोहाच्या गोळ्या घ्याव्यात. शौचाला काळी होते म्हणून पुष्कळ जणी भिऊन गोळ्या फेकून देतात. तो रंग लोहाचाच असतो. मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्यावी, चहा किंवा दुधाबरोबर नको, आणि तरीही सोसत नसेल तर गोळी बंद न करता नर्सबाईंना जाऊन विचारावे.