तंबू ठोका, बोंब नको

निसर्गाच्या कुशीत एक रात्र काढावी, असे मला कधीच वाटले नव्हते. माझा निसर्गाशी संबंध गॅलरीतल्या तुळशीपुरता. पण भाच्याने पवना धरणाच्या काठावर आमच्यासाठी तंबू ठरवला, पैसेही आगाऊ भरले. आणि भरलेले पैसे बुडू द्यायचे नाहीत, हे आमच्या घराण्याचे ब्रीद. तेव्हा मी, ही आणि माझी उशी असे तिघे निघालो.

संध्याकाळ देखणी होती, हे कबूल केलेच पाहिजे. पुढ्यात पाणी, भोवती लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग. ही म्हणाली, "अहो, किती शांत आहे नाही?"

नेमके तेव्हाच शेजारच्या तंबूवाल्यांनी मोटारीतून एक पेटी काढली. पेटी म्हटले की मला भजन आठवते. या पेटीतून जे निघाले, त्याने भजन करणाऱ्याचाही देवावरचा विश्वास उडाला असता. सातला एक पेटी होती, नऊला पाच झाल्या आणि पाचांची पाच गाणी. आकाशात चांदण्या असाव्यात. पण रंगीत दिव्यांच्या माळांपुढे त्यांची काय प्राज्ञा!

माझा गाण्यावर राग नाही. पण घरी शेजाऱ्याचा रेडिओ वाढला तर भिंतीवर ठोकता येते. तंबूला ठोकणार काय? तो आधीच ठोकलेला असतो!

रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिक्षेपक बंद, असा नियम देशात 2000 सालापासून आहे. तो सांगायला मी तंबू राखणाऱ्या पोराकडे गेलो. पोरगा गावातलाच. म्हणाला, "काका, मी बंद केलं तर गिऱ्हाईक पलीकडच्याकडं जातंय. आमची आजीच शनिवारची झोपत नाही, तुमचं काय घेऊन बसलात!"

आता बोला! आपण एका रात्रीचे पाहुणे. त्या म्हातारीला दर शनिवार तिथेच काढायचा आहे.

कुणी म्हणेल, लोक मजा करायला येतात, तुम्हाला शांतता हवी तर घरी बसा. अहो, उलट आहे! गोंगाट शहरात घरपोच मिळतो. काळोख आणि शांतता तेवढी मिळत नाही. तंबूवाल्याने विकायचा माल तोच, आणि आपण तोच नासवतो. पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याकडे काजवे बघायला झुंबड उडते. काजव्याची लुकलुक म्हणजे जोडीदाराला धाडलेली चिठ्ठी. आपण तिच्यावर मोटारीचे दिवे आणि बॅटऱ्या मारल्यावर ती वाचायची कुणी? एरवी लग्ने जुळवण्यात हयात घालवणारे आपण, तिथे जाऊन शेकड्यांनी लग्ने मोडतो.

राहता राहिला गिऱ्हाईक पळण्याचा प्रश्न. माथेरानला स्वतःची मोटार दस्तुरी नाक्यावर सोडावी लागते. म्हणून माथेरान ओस पडले का? नियम सगळ्यांना सारखा असला की गिऱ्हाईक पळणार कुठे? तेव्हा काठावरच्या सगळ्या तंबूवाल्यांनी एक व्हावे, दहाच्या ठोक्याला पेट्या आणि माळा बंद कराव्यात. न केल्यास पोलिसांनी करवाव्यात. म्हातारीला झोप लागेल, आपल्याला चांदण्या दिसतील.

त्या रात्री दोनच्या सुमारास पेट्यांची बॅटरी संपली. आणि एकदम बेडूक ऐकू आले. पाण्याची चुळुक ऐकू आली. लांब कुठेतरी टिटवी ओरडली. आम्ही दोघे तंबूबाहेर येऊन गप्प बसलो. भाच्याने पैसे कशाचे भरले होते, ते तेव्हा कळले.

मग आत जाऊन मी उशीवर मान टेकली. डोळा लागतो न लागतो तोच शेजारच्या तंबूतून आवाज आला,

"ओ काका, घोरणं कमी करा की जरा! शांततेसाठी आलोय आम्ही इथं!"