फॉरवर्ड म्हणजे ज्ञानदान नव्हे

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी आली आणि जळगाव-धुळ्याच्या महाविद्यालयांना कुलपे लागली. वर्ग मोबाईलवर आले, वसतिगृहे ओस पडली. टाळेबंदी संपली, ऑनलाईन शिक्षण मात्र मुक्कामी राहिले. 2021 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’सारख्या मंचावरून पूर्ण करण्याची मुभा दिली.

तंत्रज्ञानाला आमचा विरोध नाही. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर ऐकण्याचीही बंदी होती, त्यांची साक्री-यावलच्या खेड्यातील लेक आज आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान फुकट ऐकू शकते. ही गोष्ट लहान नाही. पण व्याख्यान ऐकणे वेगळे आणि ज्ञान वाटून घेणे वेगळे.

पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याला घरी विचारायला कोणी नसते. त्याचे खरे विद्यापीठ वसतिगृहाच्या खोलीत भरते. एक पुस्तक चौघांनी वाचायचे, ज्याला गणित जमते त्याने इतरांना समजवायचे, इंग्रजी शब्द अडला तर अहिराणीत विचारायचे. शिष्यवृत्तीची शेवटची तारीख आणि बार्टीची जाहिरातही तिथेच कळते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर पीडीएफचा ढीग पडतो, पण ‘मला हे समजले नाही’ असे दोनशे जणांसमोर लिहायला आमचा विद्यार्थी कचरतो. फाईल पुढे जाते, शंका मनातच राहते. प्रस्थापितांच्या मुलांची ही उणीव शिकलेले आई-वडील आणि महागडे क्लास भरून काढतात. आमच्या मुलांची कोण भरून काढणार?

साधनांची विषमता आहेच. 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत ग्रामीण भारतातील शंभरपैकी जेमतेम 15 घरांत इंटरनेटची सोय होती आणि संगणक चार-पाच घरांतच होता. त्यानंतर मोबाईल वाढले, हे खरे. पण मोबाईलच्या पडद्यावर प्रबंध लिहिता येत नाही.

ज्ञान मूठभरांच्या घरात कोंडून ठेवणे, हीच मनुवादी व्यवस्थेची खरी ताकद होती. म्हणूनच बाबासाहेबांनी 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, 1946 मध्ये सिद्धार्थ महाविद्यालय उघडले. ‘शिका’ आणि ‘संघटित व्हा’ हे दोन वेगळे आदेश नाहीत. एकट्याने पडद्यासमोर बसून पदवी मिळेल, संघटन उभे राहणार नाही.

आमची मागणी स्पष्ट आहे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाने प्रत्येक ऑनलाईन अभ्यासक्रमाला दर आठवड्याला प्रत्यक्ष चर्चावर्गाची जोड द्यावी. समाजकल्याण खात्याने प्रत्येक वसतिगृहात संगणक आणि वाय-फाय द्यावे, स्वाधारची रक्कम वेळेवर द्यावी.

पण सरकारकडे बोट दाखवून आपली जबाबदारी संपत नाही. गावोगावची बुद्धविहारे संध्याकाळी अभ्यासिका म्हणून उघडली पाहिजेत. 31 जुलै 1937 च्या बाबासाहेबांच्या धुळे भेटीच्या स्मरणार्थ दरवर्षी लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जनसागर लोटतो. तिथे येणाऱ्या प्रत्येक पदवीधराने फुलांसोबत आपली जुनी पुस्तके आणि नोट्स आणाव्यात आणि एका तरी धाकट्या विद्यार्थ्याला वर्षभर शिकवण्याची जबाबदारी घ्यावी. बाबासाहेबांना याहून मोठे अभिवादन नाही.