पेढी एक, पाट्या अनेक

आपल्या व्यापारी बांधवांमध्ये वेबसाईट काढण्याचा उत्साह आता नवा राहिलेला नाही. अत्तराचे व्यापारी, सुकामेव्याचे घाऊक विक्रेते, चपला बनविणारे, मिरजेचे सतारमेकर, अशा सर्वांच्या वेबसाईट्स आज पाहावयास मिळतात. आम्हाला बोलायचे आहे ते त्याच्या पुढच्या पायरीबद्दल. धंदा वाढला की एका वेबसाईटच्या चार होतात. घाऊकची वेगळी, किरकोळची वेगळी, आखातातील मागणीसाठी वेगळी, उर्दू वाचणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळी. मुख्य नाव एकच राहते आणि त्याच्या आधी एक शब्द जोडून नवा पत्ता तयार होतो: घाऊक डॉट अमुकतमुक डॉट कॉम, उर्दू डॉट अमुकतमुक डॉट कॉम. यालाच सबडोमेन म्हणतात. नाव एकदा विकत घेतलेले असले की असा पत्ता काढण्यास सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणून तो सहज काढला जातो, आणि घोळाला येथूनच सुरुवात होते.

थोरल्या भावाच्या विभागाची वेबसाईट हिरवी, धाकट्याची निळी. एकीवर पेढीचे जुने बोधचिन्ह, दुसरीवर नवे. तिसरी वेबसाईट कोणा ओळखीच्या मुलाने करून दिलेली, तिच्यावर दुकानाचा बंद पडलेला फोन नंबर. प्रत्येकाला वाटते, आपली पाटी उठून दिसली पाहिजे. परंतु नागपूरला बसून पाच किलो केशराची आगाऊ रक्कम पाठविणाऱ्या गिऱ्हाइकाने काय समजावे? त्याला तुमचे दुकान दिसत नाही, गल्ल्यावर बसलेले तुमचे वडील दिसत नाहीत. त्याला दिसतो तो फक्त पडदा. तुमचीच चार पाने चार तऱ्हेची दिसत असतील, तर पाचवे पान एखाद्या ठकाने काढले आणि त्यावर स्वतःचा क्यूआर कोड लावला, तरी गिऱ्हाइकाला शंका येण्याचे काही कारण उरत नाही. वेगळेपणाची सवय तुम्हीच त्याला लावलेली असते.

एकसारखा देखावा म्हणजे खरेपणाची हमी नव्हे, हे मात्र ध्यानात असू द्यावे. देखाव्याची नक्कल कोणीही करू शकतो. खरा पुरावा पत्त्यातील मुख्य नाव हाच. म्हणून आमचे म्हणणे असे की, सर्व सबडोमेनवर देखावा एक असावा आणि पैसे घेण्याचे पान तर एकाच ठिकाणी, मुख्य पत्त्यावरच असावे. गिऱ्हाइकाची नजर दोन्हींवर बसली की तिसरी गोष्ट त्याला आपोआप खटकते.

सरकारी उदाहरण पाहा. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या योजनेतून देशभरातील जिल्ह्यांच्या वेबसाईट्स एकाच साच्यावर तयार झाल्या. सोलापूरची पाहिली असेल त्याला साताऱ्याच्या वेबसाईटवर अर्ज कोठे आणि फोन नंबर कोठे हे फारसे शोधावे लागत नाही. फोटो वेगळे, मजकूर वेगळा, मांडणी मात्र ओळखीची. सरकारकडून घेण्यासारखे आपल्याला क्वचितच काही सापडते, पण ही गोष्ट जरूर घ्यावी.

आपल्या लहान पेढ्यांना हे वर्डप्रेसमध्ये करता येते. एकाच मांडवाखाली अनेक वेबसाईट्स चालविण्याची सोय २०१० साली आलेल्या वर्डप्रेस ३.० पासून त्यातच अंतर्भूत आहे. तिला मल्टिसाईट म्हणतात. तिच्यात रंग, अक्षरे आणि मांडणी ठरविणारी जी फाईलींची थैली असते, म्हणजेच थीम, ती बसविण्याचा अधिकार फक्त मुख्य व्यवस्थापकाला असतो. विभागाच्या व्यवस्थापकाला, त्याने मंजूर केलेल्यांतूनच निवड करता येते. चार भावांच्या धंद्यासाठी याहून शहाणी व्यवस्था दुसरी नाही, असे आमचे मत आहे.

यातली एक खाच मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. थीमच्या फाईली सर्व सबडोमेनसाठी एकच असतात. त्यांत केलेला बदल चारही ठिकाणी एकदम दिसतो. पण प्रत्येक विभागाने आपल्या पडद्यावरून निवडलेला रंग किंवा चढविलेले बोधचिन्ह त्या त्या विभागाच्या खात्यात स्वतंत्र जमा असते. म्हणून नवे बोधचिन्ह आले की ते एकदा बदलून भागत नाही, चार ठिकाणी बदलावे लागते. आणि चौथे ठिकाण नेमके विसरते. यावर तोड अशी की, जे सर्वांचे आहे ते फाईलीत बांधून टाकावे: बोधचिन्ह, वरची पट्टी, खालचा पत्ता व फोन, अक्षरांचे वळण. विभागाच्या हाती एक दुय्यम रंग, फोटो आणि मजकूर एवढेच ठेवावे. छपाईचे काम करणाऱ्या बांधवांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. ठसा एक, कापडाचा रंग वेगळा.

शिवाय बाजारातून घेतलेल्या थीमच्या मूळ फाईलीत हात घालू नये. तिची नवी आवृत्ती आली की केलेले काम पुसले जाते. तिच्यावर चाइल्ड थीम नावाचा वेगळा थर चढवून त्यात आपले बदल ठेवावेत. वेबसाईट करून देणाऱ्याने असे केले आहे की नाही, हे पैसे चुकते करण्यापूर्वी विचारावे.

आता उर्दूकडे वळू, कारण एकसारखेपणाचा हट्ट येथे नडतो. मराठी पान डावीकडून उजवीकडे जाते, उर्दू व अरबी उजवीकडून डावीकडे. नुसता मजकूर बदलून चालत नाही. बोधचिन्ह, यादी, बाण, सारेच आरशात पाहिल्यासारखे फिरले पाहिजे. चांगली थीम ‘डावे-उजवे’ असे न लिहिता ‘ओळीची सुरुवात आणि शेवट’ अशा भाषेत लिहिलेली असते, मग तीच थीम दोन्ही लिप्यांना पुरते. नस्तालीक अक्षर ओळीत तिरपे उतरते, त्याला वरखाली जागा जास्त लागते. मराठीसाठी ठरविलेले ओळींमधील अंतर त्याला लावले तर नुक्ते वरच्या ओळीत शिरतात. उलट इंग्रजीसाठी बेतलेले अंतर देवनागरीला अपुरे पडते, वेलांट्या आणि उकार एकमेकांत अडकतात. तेव्हा रंग व बोधचिन्ह एक, पण अंतर आणि दिशा लिपीप्रमाणे, असाच नियम हवा. उर्दू सबडोमेन काढून त्यावर मोडकी अक्षरे दाखविण्यापेक्षा ते न काढलेले बरे.

अक्षरांचीच आणखी एक अडचण. ब्राऊझरच्या लेखी प्रत्येक सबडोमेन हे परके घर असते. अक्षरांची फाईल मुख्य पत्त्यावर ठेवली आणि सर्व्हरवर तशी परवानगी लिहिली नाही, तर इतर सबडोमेनवर ती अक्षरे उमटतच नाहीत, मोबाईलमध्ये असतील तीच दिसतात. करून देणारा म्हणतो, “माझ्याकडे बरोबर दिसते आहे.” त्याच्या संगणकात ती अक्षरे आधीच बसविलेली असल्यास दिसणारच. साध्या मोबाईलवर, उन्हात उभे राहून पान पाहावे. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडात निदान साडेचारास एक असे प्रमाण असावे, असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. सोनेरी पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे, हा आपल्या अत्तरवाल्यांचा आवडता थाट सहसा या कसोटीत बसत नाही.

बंद केलेल्या विभागाकडे तर कोणीच पाहात नाही. एखाद्या ईदच्या सवलतीसाठी सबडोमेन काढले, ते बाहेरच्या एखाद्या सेवेला जोडले, हंगाम संपल्यावर ती सेवा बंद केली, पण नावाच्या नोंदवहीतील जोड तशीच राहिली. काही सेवांमध्ये ती मोकळी झालेली जागा दुसरा कोणी आपल्या नावे घेऊ शकतो, आणि मग तुमच्याच मुख्य नावाखाली त्याचे पान उघडते. वर सांगितलेला पत्त्याचा पुरावाही तेथे कुचकामी ठरतो. विभाग बंद करताना ती नोंद आधी काढावी, सेवा नंतर बंद करावी. किती सबडोमेन आहेत, कशाला जोडलेली आहेत, कोणाच्या ताब्यात आहेत, याची वही दुकानाच्या हिशेबाबरोबर ठेवावी.

कारागीर बांधवांसाठी वेगळे दोन शब्द. मोठा व्यापारी तुम्हाला आपल्या नावाखाली सबडोमेन देतो, आपली थीम देतो, फोटो चढवून देतो. घ्यावे, त्यात तोटा नाही. पण ते घर त्याचे आहे. पागडीच्या खोलीत निदान काही हक्क असतो. येथे नावाचा मालक एका रात्रीत पत्ता बंद करू शकतो, आणि तुमची वर्षांची ओळख त्याच्या रंगात, त्याच्या बोधचिन्हाखाली राहते. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. अशा मालाची खरी किंमत बनविणाऱ्याच्या नावात असते. म्हणून करार करताना तीन गोष्टी लिहून घ्याव्यात: पानावर कारागिराचे नाव व खूण कोठे आणि केवढी दिसणार, फोटो कोणाचे, आणि संबंध तुटल्यास किती महिने त्या पत्त्यावरून गिऱ्हाइकाला तुमच्या नव्या पत्त्यावर पाठविले जाणार. शक्य झाल्यास स्वतःचे एक नाव आजच स्वतःच्या नावे नोंदवून ठेवावे. वेबसाईट करून देणाऱ्याच्या नावे तर मुळीच नको.

ज्याचे एकच दुकान आणि वीस प्रकारचा माल आहे, त्याने सबडोमेनच्या फंदात पडूच नये. एका वेबसाईटवर चार पाने पुरतात.

ज्यांना हे जाळे सांभाळणे भाग आहे, त्यांनी चाचणीसाठी एक पासवर्ड लावलेले सबडोमेन वेगळे ठेवावे. थीममधील प्रत्येक बदल आधी तेथे, मराठी आणि उर्दू दोन्ही पानांवर पाहावा आणि मगच चारही ठिकाणी सोडावा. आणि रमजानच्या शेवटच्या पंधरवड्यात, मागणी जोरात असताना, थीमला कोणी हात लावू नये.