वगळलेल्या अभ्यासांची यादी कुठे आहे?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळणे पर्यावरणाच्या कितपत हिताचे, असा प्रश्न निघाला की समर्थक आणि विरोधक दोघेही एकच वाक्य पुढे करतात : ‘अनेक अभ्यासांतून असे दिसते.’ माझा आक्षेप या वाक्याला आहे. कोणते अभ्यास घेतले, कोणते वगळले आणि कशासाठी, हे त्यात कुठेच नसते.

कच्च्या मालापासून विल्हेवाटीपर्यंत वस्तूचा पर्यावरणावर पडणारा भार मोजणे म्हणजे जीवनचक्र मूल्यांकन. त्याला आयएसओ १४०४० आणि १४०४४ ही मानके आहेत. पण त्यांत अभ्यासकाला मोकळीक बरीच. मळीचेच घ्या. मळी हा साखर कारखान्यातील टाकाऊ अवशेष मानला, तर उसाचे पाणी, युरिया आणि उपशाची वीज हा सारा भार साखरेच्या खाती जातो आणि इथेनॉल स्वच्छ ठरते. तेच सहउत्पादन मानून भार किमतीच्या प्रमाणात वाटला की उत्तर बदलते. वजनाच्या प्रमाणात वाटला की पुन्हा बदलते. तिन्ही आकडे प्रामाणिक असू शकतात, त्यांची सरासरी मात्र निरर्थक. शिवाय लिटरमागे मोजायचे की किलोमीटरमागे? इथेनॉलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, हे लिटरच्या हिशेबात सोयीस्करपणे लपते.

अशा अभ्यासांचा आढावा कसा मांडावा, यासाठी २०१२ मध्ये ‘स्टार-एलसीए’ ही तपासयादी सुचवली गेली. त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेच्या संशोधकांनी सौरविजेवरील सुमारे ४०० अभ्यास चाळले. स्फटिकी सिलिकॉनच्या बाबतीत किमान निकषांवर १३ टिकले. गृहीतके समान केल्यावर त्यांच्या आकड्यांतील तफावत बरीच आक्रसली. चाळणी उघड ठेवल्यामुळेच त्या निष्कर्षाला वजन आले.

आपल्याकडे निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच उसापासूनच्या लिटरभर इथेनॉलमागे सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, अशी नोंद आहे. फक्त कार्बन मोजणाऱ्या आढाव्यात हे पाणी दिसणारच नाही. ऊस, मका आणि तांदूळ यांना एकाच रांगेत बसवणाऱ्या आढाव्यात तर काहीच दिसणार नाही.

मिश्रण २० टक्क्यांच्या पुढे नेण्याची चर्चा होतेच आहे. तो निर्णय ज्या आढाव्यावर बेतायचा, त्यातील अभ्यासांच्या मर्यादा, भारवाटपाची पद्धत, निधी देणारे आणि वगळलेल्यांची सकारण यादी मंत्रालयाने आधी संसदेच्या स्थायी समितीपुढे ठेवावी.