वरून हुकूम आहे



फॉरेस्टचा गार्ड शेतात येतो, उभ्या नागलीत गुरं घालतो, नांगर उचलून नेतो. आपण विचारतो, का रे बाबा, तूपण शेतकऱ्याचाच पोरगा ना? तो म्हणतो, मी काय करू, वरून हुकूम आहे. राऊंड ऑफिसरला विचारलं तर तो रेंजरकडे बोट दाखवतो, रेंजर डीएफओकडे, डीएफओ मुंबईकडे. नांगर मात्र आपला जातो. हा हुकूम नक्की कोणाचा, आणि हुकूम पाळणाऱ्याच्या माथी दोष किती, हा प्रश्न पाड्यापाड्यांच्या बैठकीत परत परत निघतो. म्हणून या अंकात आम्ही एका लांबच्या देशातली खरी हकिगत सांगतो. बैठकीत ती मोठ्याने वाचावी.

व्हिएतनाम हा भातशेतीचा देश. अमेरिकेचं सैन्य तिथे लढायला गेलं होतं. समोरचे लढवय्ये गावांच्या आधाराने राहत, दिवसा दिसत नसत. पण अधिकाऱ्यांना तर रोज वर आकडा पाठवायचा असे, आज शत्रू किती मारले. आकडा मोठा तर अधिकारी मोठा. मग हळूहळू गावातला जो मेला तो शत्रूच, असा हिशोब सुरू झाला.

१६ मार्च १९६८ रोजी सकाळी सोन माय या गावात अमेरिकन शिपायांची एक तुकडी उतरली. त्या गावच्या एका पाड्याला अमेरिकन नकाशात माय लाय म्हणत, म्हणून जगात तेच नाव झालं. शिपायांना सांगून ठेवलं होतं की साधी माणसं या वेळेला बाजाराला गेलेली असतील, मागे राहतील ते सगळे शत्रू. प्रत्यक्षात गावात म्हातारेकोतारे, बाया आणि पोरं होती. शिपायांवर कोणी गोळी झाडली नाही. तरी त्यांनी माणसं घराबाहेर काढली, पाटाच्या चरात लोटली आणि मारली. बायांवर बलात्कार केले. घरं पेटवली, गुरं मारली. व्हिएतनामच्या लोकांनी तिथे स्मारक केलं आहे, त्यावर मेलेल्यांचा आकडा ५०४ आहे. अमेरिकेच्या सैन्याने स्वतः मोजला तो ३४७.

सैन्याच्या पहिल्या अहवालात काय लिहिलं? १२८ शत्रू ठार, ३ बंदुका हस्तगत. एवढी माणसं मेली आणि बंदुका तीन, हे वाचून वर कोणाला प्रश्न पडला नाही. पंचनामा साहेबाच्या हाताने लिहिला की असाच होतो. आपल्याला ते नवीन नाही.

त्या दिवशी गावावरून एक छोटं हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं. चालवणारा ह्यू थॉम्पसन, वय २४. बरोबर त्याचे दोन साथी, ग्लेन अँड्रिओटा आणि लॉरेन्स कोलबर्न. त्यांना वरून जखमी बाया-पोरं दिसली. औषधपाणी मिळावं म्हणून त्यांनी धुराची खूण टाकली. परत फिरून पाहतात तर ज्यांच्यापाशी खूण टाकली ती माणसं मेलेली. थॉम्पसनने चराजवळ हेलिकॉप्टर उतरवलं आणि विचारलं, हे काय चाललंय? लेफ्टनंट विल्यम कॅलीने त्याला सुनावलं की इथला अधिकारी मी आहे, तू तुझं काम बघ.

थोड्या वेळाने थॉम्पसनला दिसलं की काही गावकरी जीव घेऊन एका खंदकाकडे पळताहेत आणि मागे अमेरिकन शिपाई आहेत. त्याने हेलिकॉप्टर दोघांच्या मधोमध उतरवलं. आपल्या दोन्ही साथींना सांगितलं की मी त्या माणसांना बाहेर काढायला जातोय, आपल्या शिपायांनी त्यांच्यावर किंवा माझ्यावर गोळी झाडली तर तुम्ही शिपायांवर गोळी झाडा. स्वतः पुढे जाऊन त्याने हाताच्या खुणांनी सुमारे दहा माणसांना बाहेर बोलावलं आणि दुसरी हेलिकॉप्टरं बोलावून त्यांना सुखरूप पाठवलं. नंतर अँड्रिओटा चरातल्या प्रेतांत उतरला आणि एक जिवंत मूल बाहेर काढलं. ते मूल दवाखान्यात पोचवून थॉम्पसन तळावर गेला आणि साहेबांसमोर चिडून सगळं सांगितलं. तेव्हा कुठे गोळीबार थांबवायचा हुकूम सुटला.

यातून आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली. हुकूम मोडता येतो. त्याच गावात काही शिपायांनी गोळी झाडायचं नाकारलं होतं. सगळे एकाच तुकडीतले, एकाच साहेबाखालचे. म्हणजे ज्याने गोळी झाडली त्यालाही नाही म्हणता आलं असतं. जर्मनीच्या हिटलरी अधिकाऱ्यांवर न्यूरेंबर्गला खटला चालला, तेव्हा तेही म्हणाले होते की आम्ही हुकूम पाळला. कोर्टाने ते ऐकलं नाही. त्या न्यायासनावर अमेरिकेचाही न्यायाधीश होता. आपल्या देशातही १९३० साली, इकडे जंगल सत्याग्रह झाला त्याच वर्षी, पेशावरला चंद्रसिंग गढवाली या हवालदाराने आणि त्याच्या शिपायांनी निःशस्त्र पठाणांवर गोळी झाडायला नकार दिला. इंग्रजांनी चंद्रसिंगला जन्मठेप दिली. तोही पोटासाठी नोकरी करणाराच होता.

दुसरी. नाही म्हणणं आणि थांबवणं यात फरक आहे. ज्या शिपायांनी गोळी झाडली नाही त्यांचे हात स्वच्छ राहिले, पण माणसं मरतच होती. थॉम्पसन मध्ये जाऊन उभा राहिला, म्हणून दहा जण वाचले. नुसतं मनातून हळहळणं पुरत नाही.

तिसरी. खरं बोलणाऱ्याला त्रास होतो. सैन्याने प्रकरण वर्षभर दाबलं. बाहेर आलं ते रॉन रिडेनहोर नावाच्या शिपायामुळे. तो स्वतः त्या दिवशी तिथे नव्हता. साथीदारांकडून ऐकलं, एकेकाला विचारून खात्री केली आणि मार्च १९६९ मध्ये सुमारे तीस पुढाऱ्यांना आणि अधिकाऱ्यांना पत्रं पाठवली. पुढे सेमूर हर्श या पत्रकाराने बातमी छापली, सैन्याच्याच फोटोग्राफरने स्वतःच्या कॅमेऱ्यात काढलेले फोटो छापून आले. तेव्हा खटले झाले. शिक्षा लागली एकट्या कॅलीला. जन्मठेप म्हणून जाहीर झाली, पण बहुतेक काळ घरातच नजरकैदेत काढून तो १९७४ साली सुटला. वरचे साहेब सगळे मोकळे. आणि थॉम्पसनला धमक्यांचे फोन येत, लोक गद्दार म्हणत. एका बड्या खासदाराने तर शिक्षा करायची तर यालाच करा अशी भाषा केली. सरकारने त्याला आणि त्याच्या साथींना पदक दिलं ते ६ मार्च १९९८ रोजी, तीस वर्षांनी. अँड्रिओटा ते बघायला नव्हता, माय लायनंतर महिन्याच्या आतच तो लढाईत मेला होता.

आपल्याकडे माय लाय झालं असं आम्ही म्हणत नाही. पण रस्ता ओळखीचा आहे. आधी माणसाला नाव देतात. तिथे शत्रू, इथे अतिक्रमणवाला. एकदा ते नाव चिकटलं की त्याचं झोपडं पाडताना, बाईला ढकलताना हात कचरत नाही. म्हणून कागदावर कोणी आपल्याला अतिक्रमणवाला लिहिलं तर अंगठा द्यायचा नाही. आम्ही जमीन कसणारे, एवढंच लिहा म्हणायचं.

रिडेनहोरकडून एक काम शिकावं. आपल्या पाड्यावर काही घडलं की त्याच दिवशी लिहून ठेवावं. तारीख, वेळ, कोण आलं, काय नेलं, कोणी पाहिलं. लिहिता येणाऱ्या पोराला बोलवा, पोरीला बोलवा. पाहणाऱ्या चौघांच्या सह्या-अंगठे घ्या आणि नक्कल कार्यालयात पोचवा. त्यांच्या पंचनाम्यासमोर आपलाही पंचनामा पाहिजे.

आणि खाकीतला प्रत्येक माणूस सारखा धरू नका. एखादा गार्ड आधीच निरोप पाठवतो, एखादा पोलीस काठी हवेत फिरवतो पण मारत नाही. त्याचं नाव चारचौघांत घेऊन त्याला अडचणीत आणू नका, पण मनात ठेवा. गार्डाला एकटा गाठून ठोकायचा असं काही तरुण बोलतात. आम्ही त्याच्या विरोधात आहोत. एकट्याला गाठून मारण्यात धाडस नाही.

आता शेवटचं, आणि ते आपल्याच घरचं. थॉम्पसनने शत्रूला अडवलं नाही, आपल्याच माणसांना अडवलं. हे सगळ्यात अवघड. आपल्या पाड्यांत कोणाचं पोर तापाने मरतं, भगत एका बाईकडे बोट दाखवतो, आणि डाकीण हे नाव चिकटलं की तिला मारायला आपलीच माणसं निघतात. बहुतेक वेळा ती बाई एकटी असते, विधवा असते, आणि तिच्या नावावर तुकडाभर जमीन असते. तिथे भगताचा शब्द हाच वरून आलेला हुकूम. त्या रात्री बरेच जण दार लावून घरात बसतात आणि म्हणतात, आम्ही तर हात लावला नाही. अशा वेळी तिच्या दारात जाऊन उभं राहणारी पाच माणसं प्रत्येक पाड्यात आहेत का? तरुण मंडळाने आणि बायांच्या गटाने पुढच्या बैठकीत यावर बोलावं, पाच जणांची नावं ठरवावीत आणि आम्हाला कळवावीत.

जमिनीची लढाई लांबची आहे. ती लढताना माणुसकी बाजूला ठेवायची नाही, एवढं पक्कं ठरवू या.

जिंदाबाद!